थोरल्या जाऊच्या घराचं गिऱ्हाईक

अक्का, मी कोण बोलतेय ते आधी सांगते, कारण तुम्ही विसरला असणार. मेलेल्या माणसाला विसरायला होत असेल तर त्याचा राग नाही, पण तुम्ही तर जिवंतपणीच विसरत होता. सांगलीहून गावी यायचा, ओट्यावर पिशवी उपडी करायचा, सासूला जर्दा, नणंदेला बांगड्या, पोराटोरांना भडंग, आणि माझी पाळी आली की कपाळावर हात. "अगं बाई, तुझं राह्यलंच की गं!" दर वेळी राहायचं. बाकी मात्र सगळं ध्यानात. कुठल्या भाडेकरूनं कुठला खिळा कुठल्या भिंतीत ठोकला, तेही पाठ. तर मी तीच, जिचं राहायचं ती. तुमची धाकटी जाऊ. तुमच्याआधी मी मरेन असं सगळे म्हणत होते, कारण मी वाळकी आणि तुम्ही धडधाकट. त्यांचं चुकलं.

लिहिते आहे माझी सून. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, ते तुम्ही विसरला नसाल, चारचौघांत लई वेळा सांगितलंत. मी बोलते आणि ती लिहिते, मध्ये मध्ये माझी बोली सरळ करते. आत्ताच विचारत होती, "आत्या, एवढं टोचून लिहू का?" म्हटलं, लिही. टोचलं तर त्या उठून येतील, तेवढंच भेटणं होईल.

कारण असं झालंय की तुमचं सांगलीचं घर विकायला काढलंय. तुमचा मुलगा पुण्याला कायमचा झाला, त्याला इकडं यायला जमत नाही. आणि गिऱ्हाईक कोण म्हणाल, तर माझा लेक. फौजेतून पेन्शनीवर आला, सध्या साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो, आता त्याला स्वतःचं घर पाहिजे. स्वतःचं म्हणजे मीही आलेच त्यात, शेवटपर्यंत. आता बघा, उभा जन्म तुमच्या घराचं कौतुक ऐकून काढला, आणि मरायचं तेही तुमच्याच छपराखाली? मला ते नको होतं. हे मी त्याला सरळ बोलले नाही. म्हटलं, "बघू या की आणखी चार ठिकाणं. घर काय एकदाच घेतोय माणूस." तो म्हणाला, "मोठी आईबी हेच म्हणायची." माझ्या तोंडातलं वाक्यसुद्धा तुमचंच निघालं.

हे आजचं नाही. गावातली शाळा सातवीला संपली आणि तुम्ही म्हणालात, "पोराला आमच्याकडं धाडा, शिकंल तरी." मी धाडलं. थोरले दीर मिरजेला रेल्वेत, तुमचं सांगलीत पक्कं घर, नळ, वीज. माझ्याकडं काय होतं? गावाच्या कडेला बौद्धवस्तीत मातीच्या दोन खोल्या आणि दुसऱ्याच्या उसातली भांगलण. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीला तो घरी आला. मी चूल पेटवत होते, वाटलं येऊन बिलगेल. तो आला, माझ्या पाठीमागच्या भिंतीला तळवा लावून उभा राहिला आणि म्हणाला, "आये, ही भित पोटातनं भिजलीया. मोठ्या आईनं दावलं मला, ओल हाताला कशी कळती." मी त्या भिंतीला नवी माती लावली होती, त्याच्या येण्यासाठी. त्या दिवशी मी भाकरी जरा जास्तच भाजली. तो करपलेली बाजू खरवडत बसला, आणि मी मनात तुम्हाला खरवडत होते.

पुढं तर त्यानं तुमचा पाढाच केला. घर बघायला सकाळी जायचं नाही, सकाळी सगळीच घरं चांगली दिसतात. भर उन्हाळ्यात दुपारी जाऊन बसायचं, आणि एकदा पाऊस लागून राहिला की जायचं. चार भिंतींपैकी एकीलाच नवा रंग असेल तर तिच्याशीच बोलायचं. नळाला पाणी कधी येतं ते मालकाला विचारायचं नाही, तिथं धुणं धुणाऱ्या बाईला विचारायचं. कागद बघताना विकणाऱ्याला बहिणी किती ते आधी विचारायचं, आणि एकूण एक बहीण समोर येऊन सही करत नाही तोवर इसार द्यायचा नाही. आणि सगळ्यात आधी, किंमत विचारण्याच्याही आधी, शेजारच्या दारात जाऊन प्यायला पाणी मागायचं. पाणी कशातून येतं, किती वेळानं येतं, देणारी उंबऱ्याच्या आत उभी राहते का बाहेर येते, एवढं बघितलं की तिथं आपला जन्म कसा जाणार ते कळतं. आपल्यासारख्यांना तर जास्तच कळतं. भाड्यानं द्यायच्या खोल्या घेताना हे लागत नाही, म्हणायचा. तिथं एवढंच बघायचं, की ज्या वाटेवर माणसाला यावंच लागतं तिथं घ्यायची. म्हणून तर मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत एवढीशी खोली घेऊन ठेवलीत, पेशंटच्या नातेवाइकांना द्यायला. भावकी हसली होती, खोली कसली, कोंबड्याचं खुराडं म्हणून. मीही हसले होते, जरा मोठ्यानंच. ती खोली एक महिना रिकामी राहिली नाही. तुमच्या लेकीच्या लग्नात त्या खुराड्यानं मांडव घातला, आणि मी त्याच मांडवात जेवले. वांग्यात मीठ कमी होतं, एवढंच काय ते समाधान.

तर आम्ही चार ठिकाणं बघायला निघालो. पहिलं शिरवळकडं. तिथं कंपन्या आल्यात, कामगार खोल्या शोधत फिरतात, म्हणून लेकाला वाटलं जागा घेऊन खोल्या बांधाव्यात, आपण साताऱ्यात राहू आणि भाडं खाऊ. मला तर हे फार पटलं. सांगलीपासून जेवढं लांब तेवढं बरं. एजंट गॉगल लावून आला होता, आम्हाला माळावर चुन्याच्या रेघा दाखवत होता. म्हणाला, "काकू, हितं दोन वर्सात सोनं पिकंल बघा. बिगरशेती व्हायचं काम चालूच हाय."

लेक म्हणाला, "व्हायचंय का झालंय?"

"हुतंय की वो. फाईल वरच हाय."

"मोठी आई म्हणायची, होणाऱ्या जागंवर होणारंच घर बांधायचं, आन् होणाऱ्याच घरात झोपायचं."

एजंट चिडला. "कोण ह्या मोठ्या आई? नंबर द्या त्यांचा, मीच बोलतो."

मी म्हटलं, "लाव की बाबा फोन. आमचा तर लागंना झालाय."

सून पदर तोंडाला लावून हसली, आत्ता लिहितानाही हसते आहे. पण ती जागा गेली. मग साताऱ्यातच एक फ्लॅट बघितला, वरच्या मजल्यावर. अक्का, काय ती गॅलरी! समोर सरळ अजिंक्यतारा. मी तर मनात खुर्चीही मांडली, चहा कुठं ठेवायचा तेही ठरवलं. लेक दुपारी जाऊन तिथं फरशीवर बसला, घाम पुसत उठला, आतल्या खोलीच्या एका भिंतीला नवा रंग होता तिला हात लावला, खाली जाऊन भांडी घासणाऱ्या बाईशी बोलला आणि वर येऊन म्हणाला, "न्हाई आये. उन्हाळ्यात टँकर येतोय हितं. आन् ती भित वरच्या टाकीचं पाणी पितीया." मी म्हटलं, "पिऊ दे की. भितीलाबी तहान लागती." तो हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर तुमचं ते बघणं आलं होतं, डोळे जरा बारीक करून. नऊ महिने पोटात मी वागवला, आणि बघतो तुमच्यासारखा. हे कुठल्या कोर्टात मांडायचं?

शेवटी सांगलीला जायचं ठरलंच. मी म्हटलं, मलाही न्या. त्यांना वाटलं म्हातारीला हौस आली. मला हौस नव्हती, अक्का, मी तुमच्या घराची खोट काढायला निघाले होते. तुमचाच पाढा तुमच्यावर म्हणणार होते. त्यातला एक जरी आकडा चुकला की लेकाला सांगणार, बघ, तुझ्या मोठ्या आईच्याच हिशोबानं हे घर घेण्यासारखं नाही. मग त्यानं ऐकलंच असतं. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकतो.

पाऊस लागून राहिला होता, तोच दिवस मी मुद्दाम धरला. तुमची मुलगी मिरजेहून किल्ली घेऊन आली होती. तुमचं घर तसंच, जोतं एवढं उंच की दारात उभं राहिलेलं माणूस देवळात उभं असल्यागत दिसतं. ह्या पायऱ्यांपायी हे घर कुणी घेत नव्हतं म्हणून तुम्हाला मिळालं, हे मला माहीत होतं. गुडघ्यांवर हात ठेवत चढले आणि वर जाऊन म्हटलं, "एवढं चढणं-उतरणं माझ्यानं व्हायचं न्हाई." एक खोट सापडली म्हणून बरं वाटलं. तेवढ्यात तुमची मुलगी म्हणाली, "काकी, पुराचं पाणी ह्या पायऱ्यांवरच थांबलं. गल्लीत सगळ्यांच्या घरात शिरलं, आमच्या उंबऱ्याला शिवलंबी न्हाई." माझी खोट तिथंच बुडाली. मी आतल्या भिंतींना तळवा लावत फिरले, कपाटामागं, मोरीजवळ, सगळीकडं. पाऊस बाहेर आणि भिंती आतून उबदार, झोपलेल्या म्हशीच्या पाठीसारख्या. मग मी तुमच्या मुलीला विचारलं, "तुझी सही पायजे. तू देणार का?" मनात म्हणत होते, दे गं बाई नकार, आईचं घर आहे, रड, भांड, काहीतरी कर. ती रडली, पण म्हणाली, "दुसरं कोण घेत असतं तर दिली नसती, काकी. तुमी ऱ्हाताय म्हणून देते." आता मी काय करायचं?

राहिलं होतं शेजारचं पाणी. तेवढ्यावर माझी सगळी भिस्त. गल्लीत आता नवी माणसं आलीत, बंगले झालेत, कुणी कुणाला ओळखत नाही, म्हटलं इथं नक्की दार तोंडावर लागेल. शेजारी बुटकंच घर आहे अजून, त्याच्या भिंतीवर पुराची रेघ दिसते. दार उघडंच होतं. खाटेवर एक म्हातारी, माझ्याहून थोरली, तोंडात एक दात नाही. मी म्हटलं, "शेजारचं घर बघाय आलेय. जरा पाणी देता का?"

ती माझ्याकडं बघतच राहिली आणि मग हसायला लागली. "हे घर बघाय येणारं पयलं पाणीच मागतंय का वो? तुमच्यात रीतच हाय म्हणायची!" खाटेवरनं उतरली, नको म्हणेपर्यंत आत गेली, तांब्या-भांडं घेऊन आली, माझ्या हातात दिलं आणि मला खाटेवर आपल्या शेजारी बसवलं. म्हणाली, "तुमी त्यांची जाऊ न्हवं? त्या सांगायच्या तुमचं." मी विचारलं, काय सांगायच्या. "सांगायच्या की, पोरगं गुणाचं हाय, आयीवर गेलंय."

अक्का, हे तुम्ही मला एकदाही बोलला नाहीत. ते असू दे. त्यापुढं ती जे बोलली ते मी इथं जसंच्या तसं घालते, सुनेला सांगितलंय एक शब्द सरळ करायचा नाही.

"त्या पयल्यांदा आल्या, मी नवी सून हुते. सासूनं आतनं खुणावलं, कोण कुठली इचारलं का? त्यांनी आपणच सांगितलं, आमी बौद्ध. मग मी तांब्या वरनंच धरला आन् त्यांनी ओंजळ केली. ओंजळीनं प्याल्या बगा. निम्मं पाणी लुगड्यावर. मला वाटलं ह्या आता तोंड फिरवून जात्यात. तर त्यांनी पदराला हात पुसला, माझ्याकडं बगितलं आन् म्हणाल्या, 'पाणी गोड हाय. घर घेते मी.' आन् आल्याच की ऱ्हायाला!"

मी म्हटलं, "मग पुढं?"

"पुढं काय. कवा बदललं ते माझं मलाच कळलं न्हाई. एक दिवस त्या चहा पिऊन गेल्या आन् त्यांचा कप मी बाकीच्या कपात घालून इसळला. सासू बगत हुती, मी बगत हुते. कप तर धुऊन झाला हुता. मग आता काय निराळा काढायचा?" आणि पुन्हा हसली, मग तिचे डोळे भरले. "आता कोण पाणी मागाय येत न्हाई वो. बाटल्या घिऊन फिरत्यात सगळी."

मी तिथं तांब्या मांडीवर धरून बसले होते. तुम्ही गावी येऊन आम्हाला काय सांगितलं होतं ते आठवत होते. "शेजारीण मायेची हाय, मागितल्याबरोबर पाणी दिलं." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. दिलंच होतं. भांड्यातनं का ओंजळीत, ते आम्ही विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. जगाला तुम्ही शिकवलंत की पाणी बघून घर घ्या, आणि स्वतः? स्वतः ज्या घराचं पाणी बघून उलट्या पावली निघायला पाहिजे होतं, तेच घेतलंत. मी असते तर त्या ओल्या लुगड्यानं स्टँड गाठलं असतं, आणि आयुष्यभर तेच सांगत बसले असते. आजवर तुमच्या नळाचा हेवा केला, विजेचा केला, मिरजेच्या त्या खुराड्याचा केला, माझ्या लेकाच्या तोंडातल्या तुमच्या नावाचा केला. त्या खाटेवर पहिल्यांदा तुमचाच केला. तो फार वाईट असतो, अक्का. घराचा हेवा घर घेऊन फिटतो, ह्याला काय घ्यायचं?

बाहेर आले तर लेक तुमच्या पायऱ्यांवर छत्री धरून उभा. "मग आये? पाणी दिलं का?" आणि बघा, माझ्या हातात कसं आलं होतं सगळं. मी एवढंच म्हटलं असतं, "ओंजळीत वाढतात हितं पाणी," तर तो तिथूनच माघारी फिरला असता. फौजी माणूस आहे, मान सोडत नाही. आणि मी खोटंही बोलले नसते, तुमच्यासारखीच. वाक्य ओठावर होतं. सून बघत होती, तिला त्या घरातली मोरीजवळची खिडकी आवडली होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. लेक मात्र माझ्याकडं बघत होता. तुमच्यासारखे डोळे बारीक करून नव्हे. लहानपणी भाकरी होईस्तोवर चुलीपुढं बसून बघायचा ना, तसा.

मी म्हटलं, "पाणी गोड हाय. घर घे."

तो एकदम हसला. म्हणाला, "हे बेस बोललीस आये. मोठ्या आईलाबी असं सुचलं नसतं. तुला लय कळतंय गं घरातलं." आणि गाडीत बसताना सुनेलाही म्हणाला, आणि रात्री फोनवर आपल्या मुलांनाही. दोन दिवस तो माझं वाक्य सांगत फिरतोय. ते कुणाचं आहे हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तुमच्याकडं पुष्कळ आहेत, त्यातलं एक माझ्याकडं राहू द्या. माझं दर वेळी राहायचं, त्यात हे एक वळतं करून घ्या. सुनेलाही शपथ घातली आहे, आणि तिनं शपथ घेऊन मगच हे लिहून काढलं.

सून विचारते, मोठ्या आत्यांना हे कुठल्या पत्त्यावर धाडायचं. कुठं धाडणार? तुमचा एकच पत्ता मला माहीत आहे, आणि तिथं महिन्याभरात मीच राहायला जाणार. पोस्टमन त्या पायऱ्या चढून धापा टाकत येईल आणि माझ्याच हातात देईल, आणि मला वाचता येत नाही. नको. पोरी, घडी घालून माझ्या ट्रंकेत साडीखाली ठेव, आणि आता पेन खाली ठेवून चुलीकडं बघ. उद्या तो खरेदीखताला सांगलीला जातोय. त्याच्याबरोबर त्या शेजारच्या म्हातारीला हुलग्याचं भाजून दळलेलं पीठ पाठव, माडगं करून पिईल. भाकरी देऊ नको, दात नाहीत तिला. पीठ नीट चाळ, लसूण-जिऱ्याची पुडी वेगळी बांध, गुळाचा खडाही घाल. स्टीलच्या मोठ्या डब्यात भर, आणि त्याला सांग, डबा मोकळा करून आणायची घाई करू नको म्हणावं, तो मागायला मी येणारच आहे.